सुकाणू मधोमध का नसावे?

राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल शाखेत नौकांच्या प्रतिकृती घडविण्याचे शिक्षण दिले जाते. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात त्याची स्पर्धाही असते. अलीकडच्या वर्षांत हे शिबिर लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’ येथे भरले आहे. या शिक्षणातून ज्या मुलाला नौकेचे वेड लागते, तो पुढे रेडिओच्या साहाय्याने धावणारी शर्यतीची नौका मागू लागतो. दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या वडिलांना ते महागडे खेळणे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कर्वेनगरपासून फार दूर नसलेल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात 1916 पासून जलाचा अभ्यास चालू आहे, आणि तेथे बंदरांचे प्रश्नही प्रतिकृतींवरच पडताळले जातात, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

अशा नौकेत इंजिन अथवा मोटर विकत मिळते. विचार करावा लागतो तो सुकाणूच्या जागेचा. साध्या, संथ नौकेत सुकाणू पंख्याच्या नेमके मागे असते. पंखा पूर्णपणे पाण्यात बुडालेला असल्याने त्याने मागे लोटलेला प्रवाह सुकाणूवर आदळतो आणि नौका चटकन वळते. हीच रीत शर्यतीच्या नौकेला लावली की घात होतो. तिचा पंखा वेगात असताना निम्मा पाण्याबाहेर राहतो आणि त्याच्या मागे पाण्याऐवजी हवा मिसळलेला फेस उसळतो. फेसात सुकाणूला पकड मिळत नाही. म्हणून ते मागच्या फळीवर मध्यरेषेपासून एका बाजूस, स्वच्छ पाण्यात बसवितात.

ती बाजू बहुधा उजवी. शर्यतीत नौका खुणेच्या तरंगत्या गोळ्यांभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, म्हणजे उजवीकडे वळत धावतात. ‘व्ही’ आकाराच्या तळाची नौका वळताना आतल्या बाजूस कलते. उजवे सुकाणू त्या वेळी अधिक खोल जाते आणि घट्ट धरते. डावीकडे वळताना तेच वर उचलले जाते, म्हणून डावे वळण जपून, वेग कमी करून घ्यावे.

पाते तळाशी काटकोनात, सरळ उभे असावे. ते पुढे-मागे झुकले असेल तर वळताना नौकेची मागची बाजू वर उचलली जाते किंवा खाली दाबली जाते, आणि भर वेगात नौका उलटण्यास तेवढे पुरते. पाते फार मोठे घेतल्यास पाण्याचा अवरोध वाढतो. फार लहान घेतल्यास वळणावर नौका घसरते. कंसातील एक स्क्रू मात्र मुद्दाम नायलॉनचा ठेवावा. जलपर्णी अथवा लाकडाचा तुकडा आदळला की तो तुटतो, पाते मागे उचलले जाते आणि महाग सर्व्हो मोटर वाचते. व्यापारी घरांना हा विमा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कर्वेनगरच्या कडेने वाहणारी मुठा या कामाची नाही. तिचे पाणी मलिन आहे, आणि धरणातून विसर्ग सुरू झाला की पात्रात उतरणेच धोक्याचे. साहजिकच दृष्टी खडकवासल्याच्या जलाशयाकडे वळते. तेथे परवानगी विचारल्यावाचून नौका सोडू नये. खरा धोका आहे तो याच ठिकाणी. सुकाणू चुकीच्या जागी असलेली नौका वळत नाही, सरळ दूर जाते, उलटते आणि तरंगत राहते. काठावरच्या मुलाला ती जवळच दिसते आणि तो पाण्यात उतरतो. त्या जलाशयात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या पुणेकरांना नवीन नाहीत.

म्हणून पहिली चाचणी लहान, उथळ, बंदिस्त पाण्यात आणि मंद वेगात करावी. नौका सरळ धावते की नाही हे आधी पाहावे, मग उजवे वळण, आणि वेग सर्वांत शेवटी. रेडिओचा संपर्क तुटताच मोटर बंद पडेल अशी योजना ग्राहक यंत्रात करून ठेवावी. सोबत मासेमारीची लांब दोरी व तिच्या टोकाला बांधलेला टेनिसचा चेंडू असावा. नौकेच्या पलीकडे चेंडू फेकून दोरी हळूहळू ओढली की ती काठाला येते. दोरी नसेल त्या दिवशी नौका पिशवीतून बाहेर काढू नये.