आमचे कागदी घोडे

दिवाळी आली की मुकुंदवाडीत आमच्या शाळेतली पोरे मातीचे किल्ले करतात. किल्ल्याच्या पायथ्याशी एक घोडेस्वार हवाच! यंदा एका चिमुरड्याने तो दारात उभा करून मला विचारले, "गुरुजी, हा जालन्याला किती वेळात जाईल?" मी गप्प राहिलो. कारण या प्रश्नाचे खोटे उत्तर मीच एकदा छापून बसलो आहे.

माझ्या पहिल्या कादंबरीतला नायक देवगिरीहून निघतो आणि घोडा चौखूर उधळीत, कुठेही न थांबता, पहाटे जालना गाठतो. अंतर ७० किलोमीटरांहून अधिक! वाचकांनी वाहवा केली. नाही केली ती एका म्हाताऱ्या टांगेवाल्याने. तो म्हणाला, "मास्तर, तुमचं घोडं करमाडलाच मरून पडलं असतं. माझं असं पळवलं असतं, तर घरची चूल पेटली नसती!"

म्हातारा खरे बोलला होता. जगातल्या निवडक शर्यतीच्या घोड्यांचा हिशेब पाहा. अमेरिकेत २००८ साली एका घोडीने सुमारे ४०० मीटर अंतर ताशी ७० किलोमीटरांच्या किंचित वर वेगाने कापले. १९७३ साली सेक्रेटॅरिएट या नामांकित घोड्याने सुमारे २४०० मीटर २ मिनिटे २४ सेकंदांत तोडले. म्हणजे वेग ताशी ६० वर आला. मुंबईच्या महालक्ष्मीला इंडियन डर्बी होते, तीही २४०० मीटरांचीच. अडीच मिनिटांच्या आसपास सारा खेळ आटोपतो. पुढे पळवले तर अंग तापते, स्नायू थकतात, वेग उतरतो. भरधाव घोड्याचा श्वास त्याच्या झेपेशी बांधलेला असतो. एका झेपेला एक श्वास. त्याला दम खायचा तर पावले आवरावीच लागतात.

मग घोडा दूर जातच नाही की काय? जातो तर! कॅलिफोर्नियात १९५५ पासून घोड्यांची १०० मैलांची, म्हणजे १६० किलोमीटरांची, एका दिवसाची दौड होते. पण ती दुडक्या चालीने, मध्ये थांबून, पाणी पाजून. आणि वाटेत वैद्य घोड्याची नाडी पाहतात. जो फार पळवतो, त्याला तिथे शाबासकी नाही.

आता कोणी म्हणेल, "अहो, कादंबरी आहे! थोडी अतिशयोक्ती चालायचीच." मला हे मान्य नाही. नायकाची छाती दोन इंच वाढवा, माझी हरकत नाही. पण आमची ही अतिशयोक्ती कोणाचे तरी श्रम पुसून टाकते.

आमच्याच भागातले उदाहरण घ्या. १७२७ च्या अखेरीस थोरल्या बाजीरावांनी जालन्याकडे मुसंडी मारली, बऱ्हाणपुराची हूल दिली, गुजरातेत उतरले आणि फिरून आले. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला निजाम कोंडला गेला. ही मोहीम काय चौखूर उधळून झाली? जड तोफा नाहीत, बुणगे नाहीत, आणि रोजची चाल चुकली नाही, म्हणून झाली! निजामाच्या तोफा मागे पडल्या, त्या घोड्यांच्या झेपेमुळे नव्हे, मराठ्यांच्या नियमामुळे.

आणि त्या फौजेतला शिलेदार? त्याचा घोडा त्याच्या घरचा. घोडा मेला तर त्याची कमाई बुडाली. मुक्कामावर स्वतःच्या भाकरीआधी तो चंदी-पाण्याची चिंता करीत असणार. आम्ही कादंबरीकार मात्र त्याच्या हाती नुसता चाबूक देतो आणि त्याची अक्कल काढून घेतो. याला मी इतिहासाचा गौरव म्हणत नाही. ही इतिहासाची विटंबना आहे, आणि तिच्यात माझाही हात आहे.

तेव्हा लेखकबंधूंनो, यापुढे घोडा रात्रभर उधळू नका. त्याला ओढ्याकाठी थांबवा, खोगीर सैल करा, पाठीवरून हात फिरवा. पराक्रम तेवढ्याने कमी होत नाही.

त्या पोराला मी अखेर उत्तर दिले : "बाळ, सकाळी निघाला तर दिवस मावळता पोचेल, पण घोडा जिवंत पोचेल." पोर आत धावले आणि मातीच्या घोड्यापुढे पणतीभर पाणी ठेवून आले. माझ्या कादंबरीत तेवढे पाणी कुठेच नव्हते.