आधी कान, मग पेडल

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "सर, इलेक्ट्रिक गिटारला कोरस घेऊ, फेजर घेऊ, की फ्लँजर?" मी भौतिकीचा शिक्षक. गिटार मला वाजवता येत नाही. तरीही मुले मला विचारतात, यामागे एक गोष्ट आहे. ती माझ्या चुकीची गोष्ट आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

काही वर्षांपूर्वी बारावीच्या वर्गात सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा होता. घरी यंत्रमाग. सुट्टीत मागावर काम करून त्याने पैसे साठवले आणि गिटारसाठी एक पेडल आणले. पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायची, पायाने चालू-बंद करायची लहानशी पेटी. दुकानात दोन मिनिटे ऐकून जे सर्वांत चमत्कारिक वाटले, तेच त्याने उचलले. ते होते फ्लँजर. संमेलनात एका हळव्या गाण्याला त्याने ते पूर्ण क्षमतेने लावले आणि गाण्यावरून जणू विमान उडत गेले! मुले हसली. त्यानंतर कित्येक महिने त्याने गिटारला हात लावला नाही.

मला बोच लागली ती निराळ्याच कारणाने. त्याच वर्षी मी त्याला तरंगांचे अध्यारोपण शिकवले होते. सूत्र फळ्यावर लिहिले, उदाहरणे सोडवून घेतली, परीक्षेत त्याला पूर्ण गुणही मिळाले. पण संपूर्ण प्रकरणात मी एकदाही आवाज ऐकवला नव्हता! जे ज्ञान त्याचे पैसे वाचवू शकले असते, ते त्याच्या वहीत होते, कानात नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की पेडलची निवड हा आवडीचा प्रश्न असला, तरी त्याआधी तो श्रवणाचा आणि भौतिकीचा प्रश्न आहे. बाजारातली नावे अनेक आहेत. त्यांच्या मुळाशी असलेल्या क्रिया मात्र मोजक्या आहेत. त्या ओळखायला दुकानात जावे लागत नाही. घरातच सुरुवात करू.

पंख्यापासून सुरुवात

सोलापूरच्या उन्हाळ्यात टेबल-पंख्यासमोर बसून 'आऽऽ' म्हणण्याचा खेळ तुम्ही खेळला असालच. आवाज थरथरतो. पाती आवाजाला क्षणोक्षणी अडवतात आणि सोडतात, म्हणून तो लहान-मोठा होतो. आता पंखा बंद करा आणि 'आऽऽ' चालूच ठेवा. पाती मंदावतील तशी थरथरही मंदावेल. तीन पात्यांचा पंखा सेकंदाला दोन फेऱ्या घेऊ लागला, की थरथर सेकंदाला सहा वेळा होईल. पेडलवरचे 'रेट' किंवा 'स्पीड' असे लिहिलेले बटण हेच काम करते. तोंड पंख्याजवळ नेले तर थरथर गडद, दूर नेले तर फिकी. हे झाले 'डेप्थ'चे बटण.

लहरीचा एखादा गुण दुसऱ्या, संथ लहरीच्या तालावर सतत बदलत ठेवणे, यालाच मॉड्युलेशन म्हणतात; आपल्या परिभाषेत विरूपण. पेडलमधली ही संथ लहर साधारणपणे दहा सेकंदांना एक फेरी ते सेकंदाला दहा फेऱ्या इतक्या गतीची असते. तिने आवाजाचा जोर बदलला तर ते ट्रेमोलो. स्वराची उंची, म्हणजे कंप्रता बदलली तर ते व्हायब्रेटो. दरबारी कानड्यातला आंदोलित कोमल गंधार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना स्वर आपल्या जागेभोवती झुलतो म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मात्र गायकाचे आंदोलन रागाच्या भावाप्रमाणे बदलते, पेडलचे यंत्रासारखे एकसारखे चालते.

नावांवर विसंबू नका, असे मी का म्हणतो, तेही पाहा. फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर गिटार 1954 साली आली. तिच्यावरच्या दांडीला नाव दिले ट्रेमोलो. पण ती दांडी स्वराची उंची बदलते! उलट, त्याच कंपनीच्या काही अ‍ॅम्प्लिफायरांवर 'व्हायब्रेटो' असे छापलेले होते आणि आत बदलत होता तो आवाजाचा जोर. मोठ्या कारखान्यांची जेथे गल्लत झाली, तेथे तुम्ही पाटी वाचून निवड कशी करणार?

दिंडी, टाळ आणि जाळीचे कापड

आता कोरसकडे वळू. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरला आषाढीच्या वेळी दिंडीत शंभर वारकरी एकच अभंग गातात. सर्वांचा स्वर एकच, पण तंतोतंत एक नाही. कोणी केसभर चढा, कोणी केसभर उतरा, कोणी क्षणभर मागे. म्हणूनच शंभरांचा आवाज एकाच्या आवाजाची शंभरपट नक्कल न वाटता भरदार वाटतो. टाळ हलकेच एकमेकांवर आपटून कानाजवळ धरा. दोन वाट्यांचे स्वर किंचित वेगळे असल्याने नाद लाटांनी येतो, जातो. हेच विस्पंद, इंग्रजी पुस्तकांतले बीट्स.

ज्यांच्याकडे गिटार आहे त्यांनी एक प्रयोग जरूर करावा. सर्वांत जाड तार पाचव्या पडद्यावर दाबून वाजवा आणि लगेच तिच्या शेजारची तार मोकळी वाजवा. गिटार नीट जुळलेली असेल, तर दोघींची कंप्रता सेकंदाला 110 असते. दुसरी तार किंचित चढवून 112 वर न्या. आता सेकंदाला दोन वेळा आवाज फुगेल आणि ओसरेल. 112 वजा 110 बरोबर 2! वहीतली वजाबाकी कानाला ऐकू येते.

हे मी त्या मुलाला, फार उशिरा का होईना, करून दाखवले. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, "सर, हे आमच्या जाळीच्या कापडासारखं आहे. दोन थर एकमेकांवर ठेवले, की मोठे मोठे पट्टे दिसतात." अगदी बरोबर! दोन थरांतील धाग्यांचे अंतर किंचित वेगळे असले, की कुठे धाग्यावर धागा येतो, कुठे फटीवर धागा येतो आणि रुंद काळे-पांढरे पट्टे उमटतात. विणकराच्या घरातल्या मुलाने जे डोळ्यांनी पाहिले होते, तेच मी फळ्यावर नुसत्या चिन्हांत लिहीत होतो.

कोरस पेडल एका गिटारची 'दिंडी' करू पाहते. मूळ आवाजाची एक प्रत ते साधारण 20 ते 30 मिलिसेकंद उशिरा सोडते आणि हा उशीर थोडा कमी-जास्त करत राहते. उशीर बदलत असताना प्रतीची कंप्रता किंचित चढते-उतरते. मूळ आणि प्रत एकत्र आली, की दोन वादक वाजवत असल्याचा भास होतो. बॉस कंपनीने 1976 साली सीई-1 हे असे पेडल बाजारात आणले.

हा उशीर निर्माण कसा करायचा? फिलिप्स कंपनीच्या सँगस्टर आणि टीर या संशोधकांनी 1969 मध्ये त्याची एक सुरेख युक्ती मांडली. पाणीटंचाईत माणसे रांगेत उभी राहून हातोहात घागरी पुढे देतात, तसा विद्युत्‌भार एका धारित्रातून पुढच्या धारित्रात सरकवत न्यायचा. रांग लांब किंवा घागर पुढे देण्याचा वेग कमी, तर पाणी उशिरा पोचणार. या जोडणीला इंग्रजीत नावच मिळाले 'बकेट ब्रिगेड'!

फणीचे दात

फ्लँजरही प्रतच काढते, पण फार थोड्या उशिराने, सुमारे 1 ते 10 मिलिसेकंद. एवढ्या फरकाने मोठाच बदल होतो. समजा उशीर 1 मिलिसेकंद आहे. तेवढ्या वेळात सेकंदाला 500 कंपने असलेली लहर नेमके अर्धे कंपन पुरे करते. म्हणजे मूळ लहर वर असताना प्रत खाली आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. 1500, 2500, 3500 कंप्रतांवरही हेच घडते. आलेख काढला, तर समान अंतरावर खाचा दिसतात, मागावरच्या फणीच्या दातांसारख्या. उशीर बदलला, की ही अख्खी फणी वर-खाली सरकते आणि विमान गेल्यासारखा सूंऽऽ आवाज येतो. बाहेर पडलेला आवाज थोडा पुन्हा आत सोडला, तर परिणाम अधिकच तीव्र होतो. कोरसमध्ये उशीर मोठा असल्याने या खाचा इतक्या दाट होतात, की कानाला त्या सुट्या कळत नाहीत. कळतो तो दुसरा आवाज.

फेजरमध्ये उशिराची रांग नसते. त्यातील मंडले वेगवेगळ्या कंप्रतांची कला, म्हणजे फेज, वेगवेगळ्या प्रमाणात सरकवतात. मूळ आवाजाशी मिसळताना काही मोजक्याच ठिकाणी खाचा पडतात आणि त्या समान अंतरावर नसतात. 1974 सालच्या एमएक्सआर फेज 90 या पेडलमध्ये अशी चार मंडले होती. त्यांनी दोन खाचा पडतात. त्यावर बटण एकच होते, वेगाचे. तुमच्या आजोबांना विचारा. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन ऐकताना गाणे दूर गेल्यासारखे व्हायचे, मग परत यायचे. निरनिराळ्या मार्गांनी आलेल्या रेडिओलहरी कधी एकमेकींना साथ देत, कधी खोडून काढत. फुमिओ मिएदा या जपानी अभियंत्याला 1960 च्या दशकात मॉस्को रेडिओचा असाच झुलता आवाज ऐकून युनि-व्हाइब या यंत्राची कल्पना सुचली. जिमी हेंड्रिक्सने 1969 मध्ये वुडस्टॉकच्या मैफलीत ते वापरले.

मग निवडावे कोणते?

माझे उत्तर असे. गायकाला एकाच गिटारची साथ असेल, तर कोरस घ्या. भरदारपणा हवा असतो आणि तो तेथे मिळतो. सोबत कीबोर्ड असून त्याचाच आवाज भरगच्च असेल, तर कोरसने लगदा होईल. तेथे ट्रेमोलो किंवा संथ फेजर बरा. खरखरीत, विकृत केलेल्या आवाजावर फेजर छान खुलतो. फ्लँजर मात्र पहिले पेडल म्हणून घेऊ नये असे मला वाटते. तो दोन मिनिटांत सर्वांत जास्त भुरळ घालतो आणि दोन तासांत सर्वांत लवकर कंटाळा आणतो. मिठाईच्या दुकानात भूक लागलेल्याने खरेदी करू नये, तसेच हे.

निवडताना तीन पथ्ये पाळा. पहिले, आपले नेहमीचे गाणे वाजवून पाहा. दुकानदाराची ठरलेली सुरावट नव्हे. दुसरे, 'डेप्थ' शून्यापासून हळूहळू वाढवा. पेडल चालू असताना लक्ष वेधून घेत नाही, पण बंद केल्यावर काही हरवल्यासारखे वाटते, ती जागा योग्य. तिसरे, वीजपुरवठ्याचा दाब आणि धन-ऋण बाजू पेटीवर वाचूनच जोडणी करा. चुकीच्या जोडणीने महागडी पेटी क्षणात निकामी होऊ शकते. आणि खर्च करण्यापूर्वी मोबाइलवरील किंवा संगणकावरील मोफत साधनांवर हे सर्व प्रकार ऐकून घ्या.

काही शिक्षकमित्र म्हणतील, अभ्यासक्रम पुरा करायला वेळ नाही, तेथे गिटार कुठून आणायची? अडचण खरी आहे. मलाही ती रोज भेटते. पण टाळाला, टेबल-पंख्याला आणि जाळीच्या दोन तुकड्यांना असा किती वेळ लागतो? एक तास. तो तास न दिल्यामुळे माझ्या एका विद्यार्थ्याची वर्षभराची बचत आणि त्याहून मोलाचा उत्साह वाया जाण्याची वेळ आली होती.

वाया गेला नाही, हे सांगून थांबतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा वाजवताना मी ऐकला. गिटार एखाद्या दिंडीसारखी भरदार वाटत होती. मी विचारले, "अरे, नवे पेडल घेतलेस का?" तो हसला. "नाही सर, तेच आहे. आवाज परत आत सोडणारं बटण शून्यावर आणलं, उशीर वाढवला आणि डेप्थ कमी केली. कोरसच्या बरंच जवळ गेलं."

पेडल तेच होते. कान नवे होते.