क्ष-किरणांमागचे हात

रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाला डॉक्टर आठवतात, परिचारिका आठवते. पण काचेआडून ‘श्वास घ्या, रोखून धरा’ असे सांगणारा क्ष-किरण तंत्रज्ञ क्वचितच आठवतो. वास्तविक रोगनिदानाची पहिली पायरी त्याच्याच हातून घडते. छातीची प्रतिमा घेताना रुग्णाचे खांदे पुढे झुकवले नाहीत, तर पाठीवरच्या फऱ्यांची सावली फुप्फुसांवर पडते. श्वास अपुरा घेतला, तर निरोगी फुप्फुसही रोगट भासू शकते. डाव्या-उजव्या बाजूची खूण चुकली, तर ती चूक शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाऊ शकते. आणि प्रतिमा बिघडून पुन्हा काढावी लागली, तर किरणांचा मारा रुग्णाला दुसऱ्यांदा सोसावा लागतो.

ही विद्या केवळ पुस्तकातून येत नाही. राँटगेन यांनी १८९५ साली या किरणांचा शोध लावला. १९०४ मध्ये एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली त्यांचे बळी ठरले. जो धोका दिसत नाही, ज्याचा चटका त्या क्षणी बसत नाही, त्याबाबतची सावधगिरी अंगवळणी पडावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन एमआरआय कक्षात गेलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक चुंबकाकडे खेचला जाऊन मृत्युमुखी पडला. तपासणी सुरू नसतानाही ते चुंबकत्व कायम असते, हे वाक्य परीक्षेत लिहिणे सोपे. गर्दीच्या वेळी दारात उभे राहून माणसाला अडवणे हा संस्कार आहे. तो अनुभवी ज्येष्ठाच्या सहवासातच घडतो.

संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या शिक्षणाला किमान २००० तास आवश्यक आहेत. हे स्वागतार्हच आहे. परंतु तास भरणे आणि हात तयार होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. आधी पाहणे, मग ज्येष्ठाच्या देखरेखीखाली करणे आणि त्यानंतरच स्वतंत्रपणे करणे, हा क्रम मोडून चालणार नाही. जेथे पात्र तंत्रज्ञ अपुरे असतात, तेथे विद्यार्थ्याला बिनपगारी कामगार समजण्याचा मोह होतो. रडणाऱ्या बालकाला धरून ठेवण्याचे कामही मग त्याच्याच माथी येते. कर्मचाऱ्यासाठी किरणोत्सर्गाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, तर १६ ते १८ वर्षे वयाच्या प्रशिक्षणार्थीसाठी अवघी ६ आहे. विद्यार्थ्याला अधिक जपले पाहिजे, हेच नियम सांगतो.

आपल्या वाचकांपैकी काही जण रुग्णालयांचे विश्वस्त आहेत. अनेकांची मुले बारावीनंतर या अभ्यासक्रमाकडे वळत आहेत. पालकांनी शुल्काआधी तीन प्रश्न विचारावेत. प्रशिक्षणाचे रुग्णालय कोणते? तेथे शिकवणारा पात्र तंत्रज्ञ प्रत्यक्ष हजर असतो काय? विद्यार्थ्याला किरणांची मात्रा मोजणारा स्वतःच्या नावाचा टीएलडी बॅज मिळतो काय? विश्वस्तांनी हेच प्रश्न स्वतःच्या संस्थेला विचारावेत आणि नोंदवहीवरील स्वाक्षरी पाहून समाधान मानू नये.

उद्या त्या यंत्रासमोर आपल्यापैकीच कोणीतरी उभे असेल. कळ दाबणारा हात कसा घडला, याची चौकशी आजच केलेली बरी.