केसपेपरवर कानाचीही नोंद हवी

रक्तदाब, साखर, वजन, गरज वाटली तर ईसीजी. साठीपुढचा रुग्ण आला की एवढ्या नोंदी आपल्या केसपेपरवर होतातच. त्याला ऐकू किती येते, याची नोंद मात्र क्वचित सापडते. रुग्ण स्वतःहून ही तक्रार सांगत नाही. ऐकणे वर्षानुवर्षे थोडेथोडे कमी होत जाते आणि त्याला वाटते की सून पुटपुटते, टीव्हीवरचे लोक भरभर बोलतात. घरचे म्हणतात, वय झाले. आपणही कान हा ईएनटीवाल्यांचा प्रांत मानून पुढच्या रुग्णाला आत बोलावतो. ही सवय मोडायला हवी. कमी ऐकू येणे हा फॅमिली डॉक्टरचा विषय आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण आतल्या कानाच्या रचनेतच आहे. त्याला रक्त पोचवणारी लॅबिरिंथाइन धमनी बारीक असते आणि ती बंद पडली तर पर्यायी वाट जवळजवळ नसते. कॉक्लिआतल्या सुमारे १५,००० केशपेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. माणसात मेलेली केशपेशी पुन्हा तयार होत नाही. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तंबाखूचा धूर जिथे जिथे सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करतात, तिथे कान सुटेल असे मानायला आधार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील आकडेवारीवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मधुमेहींमध्ये श्रवणदोषाचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळले. मधुमेह्याला आपण दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासायला पाठवतो, तळपायाची संवेदना पाहतो. ऑडिओमेट्रीची चिठ्ठी कितीजण लिहितात?

स्मृतिभ्रंशाशी असलेल्या नात्याबद्दल अलीकडे बरेच बोलले जाते, आणि तिथे तोलूनमापून बोलण्याची गरज आहे. जॉन्स हॉपकिन्सचे फ्रँक लिन यांनी ६३९ जणांचा वर्षानुवर्षे मागोवा घेऊन २०११ मध्ये दाखवले की सौम्य श्रवणदोषात डिमेन्शियाची जोखीम सुमारे दुप्पट, मध्यमात तिप्पट आणि तीव्रात पाचपट असते. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या १४ जोखीम घटकांच्या यादीत श्रवणदोषाला वरचे स्थान दिले. पण संबंध असणे निराळे आणि उपचाराने आजार टळणे निराळे. २०२३ च्या ‘अचीव्ह’ चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना तीन वर्षे पाहिले, तेव्हा श्रवणयंत्र मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत बुद्धीच्या घसरणीचा एकूण फरक दिसला नाही. ज्यांची जोखीम आधीच जास्त होती, त्या उपगटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणून ‘मशीन लावा, विसरभोळेपणा जाईल’ असे वचन कोणाला देऊ नये. यंत्र लावायचे ते माणूस घरच्या बोलण्यात पुन्हा सामील व्हावा यासाठी, आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

याच्याच जोडीला एक व्यवहारातली गोष्ट. वर पंखा घरघरतो, बाहेर रिक्षा वाजतात, आपल्या तोंडावर मास्क असतो आणि आपण आजोबांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतो. शब्दच नीट ऐकू आले नाहीत तर गुण कमी पडणारच. स्मृतीची चाचणी घेण्याआधी कानातला मळ काढून ऐकण्याची खात्री करून घ्यावी. वारंवार पडणाऱ्या आणि घरात गप्प-गप्प राहू लागलेल्या वृद्धांबाबतही हेच लागू आहे. सौम्य श्रवणदोषातही पडण्याचा इतिहास जवळपास तिप्पट आढळल्याचे लिन यांच्याच दुसऱ्या अभ्यासात दिसले आहे.

तपासणीला यंत्रसामग्री फार लागत नाही. रुग्णाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, दुसऱ्या कानाच्या तोंडाशी बोट घासत राहावे आणि तीन अंक-अक्षरे कुजबुजावीत. ओटोस्कोप आणि ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क टेबलावर असावा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले आणि पडदा स्वच्छ दिसतो, अशा वेळी वेबर चाचणीत आवाज चांगल्या कानाकडे गेला तर सर्दीच्या गोळ्या आणि कानाचे थेंब देऊन आठवडा घालवू नये. ही तातडीची बाब आहे. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो. त्याच दिवशी ईएनटीकडे पाठवावे.

अमिकासिन किंवा सिस्प्लॅटिन सुरू होणाऱ्या रुग्णाची ऑडिओमेट्री आधीच व्हायला हवी, म्हणजे नंतरची घसरण कळते. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीतल्या वाचकांनी यंत्रमागावर काम करणाऱ्या प्रत्येकाला कानाबद्दल विचारावे. ४,००० हर्ट्झपाशी आलेखात पडलेली खाच तिशीतच दिसू शकते, आणि तेव्हा इअरप्लग लावला तर पुढचे नुकसान थांबवता येते.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना सहायक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात. चांगले डिजिटल यंत्र एवढ्यात बसत नाही, हे खरे. केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्रे दिली जातात, आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था या कामातली जुनी, जाणती जागा आहे. रुग्णांना हे पत्ते आपल्याकडूनच कळायला हवेत.

यंत्र मिळाले तरी अनेकांचे ते महिन्याभरात कपाटात जाते. सुरुवातीला भांड्यांचा, वाहनांचा गोंगाट असह्य होतो आणि सरावाला काही आठवडे लागतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला ते दर महिन्याला आपल्याकडेच येतात. त्या वेळी मशीन कानात आहे का ते पाहावे, नसेल तर का नाही ते विचारावे, आणि ऑडिओलॉजिस्टकडे पुन्हा पाठवावे.