विश्लेषण : एंडोमेट्रिओसिसवर आयोडीनचे थेंब खरेच चालतात का? एका थेंबाचा हिशेब काय सांगतो?

पाळीच्या दिवसांत अंथरुणातून उठता येत नाही, सोनोग्राफीत ‘चॉकलेट सिस्ट’ निघाली आहे आणि गोळ्या किती वर्षे घ्यायच्या याचे नेमके उत्तर मिळत नाही. अशा अवस्थेतील महिलेच्या मोबाइलवर एखादा सल्ला येतो : ‘शरीरात आयोडीन कमी आहे, रोज पाण्यात दोन थेंब टाकून घ्या, गाठ विरघळेल.’ थेंबांची बाटली ऑनलाइन सहज मिळते, फारशी महागही नसते. समुद्रापासून दूर असलेल्या जळगाव-धुळ्यात ‘आपल्याकडे आयोडीन कमीच’ हे म्हणणे पटायलाही सोपे जाते. या दाव्यात तथ्य किती आणि धोका किती?

एंडोमेट्रिओसिस म्हणजे नेमके काय?

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजकोशावर, गर्भनलिकांवर, ओटीपोटाच्या आवरणावर, कधी आतडे किंवा मूत्राशयावर वाढते. पाळीच्या चक्राबरोबर ती सुजते, तिच्यातून रक्तस्राव होतो. हे रक्त बाहेर पडायला वाट नसते. त्यातून दाह, व्रण आणि अवयव एकमेकांना चिकटणे सुरू होते. बीजकोशात साचलेले जुने, गडद रक्त म्हणजेच ती ‘चॉकलेट सिस्ट’. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जवळपास १९ कोटी महिला आणि मुलींना हा आजार आहे. तो कायमचा बरा करणारा उपाय आजवर सापडलेला नाही. लक्षणे मात्र आटोक्यात ठेवता येतात. ‘कायमचा इलाज’ विकणाऱ्यांना जागा मिळते ती इथेच.

आयोडीनची कल्पना आली कुठून?

हा आजार इस्ट्रोजेन या संप्रेरकावर पोसला जातो, हे खरे आहे. अमेरिकेत काही डॉक्टरांनी गेल्या दोन-तीन दशकांत असा प्रचार केला, की आयोडीन इस्ट्रोजेनला लगाम घालते, जपानी महिला समुद्री शेवाळातून रोज १३ मिलिग्रॅमहून अधिक आयोडीन घेतात आणि म्हणून त्यांना असे आजार कमी होतात. हा आकडा पुढे टिकला नाही. ओल्या शेवाळाचे वजन सुक्याचे धरून तो काढला गेल्याचे टीकाकारांनी दाखवून दिले. नंतरच्या अंदाजांनुसार जपानमधील सरासरी सेवन रोज १ ते ३ मिलिग्रॅमच्या घरात आहे.

दुसरा आधार दिला जातो तो स्तनांच्या दुखण्याचा. पाळीच्या आधी स्तनांत गाठी आणि वेदना होणाऱ्या महिलांवर आयोडीनचे प्रयोग झाले आहेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १११ महिला होत्या. रोज ३ ते ६ मिलिग्रॅम आयोडीन घेणाऱ्या अधिक जणींचे दुखणे कमी झाले. अभ्यास लहान असला तरी खोटा नाही. पण तो स्तनांचा आहे. स्तनाची ऊती आयोडीन शोषून घेते. बीजकोशावर चिकटलेल्या एंडोमेट्रिओसिसच्या गाठीवर तोंडाने घेतलेले आयोडीन तसेच काम करते, हे कोणत्याही चाचणीत सिद्ध झालेले नाही. स्तनावरून उडी मारून थेट ओटीपोटात पोहोचायचे, तर मधला पूल हवा. तो कुणी बांधलेलाच नाही.

युरोपातील प्रजनन वैद्यक संस्था ‘एश्रे’च्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत वेदनाशामके, संप्रेरकांच्या गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांवर सविस्तर शिफारशी आहेत. आहार आणि पूरक उपायांबाबत मात्र विशिष्ट शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असे तिथे म्हटले आहे.

‘मला तर फरक पडला’ असे सांगणाऱ्या महिला खोटे बोलतात असे नाही. या आजाराच्या वेदना महिन्यागणिक कमी-जास्त होतात. औषधांच्या चाचण्यांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणींनाही काही काळ आराम पडतो. माणूस नवा उपाय शोधतो तो बहुधा सर्वांत वाईट महिन्यात. पुढचा महिना थोडा बरा जाण्याची शक्यता तशीही असतेच.

एका थेंबात किती आयोडीन असते?

सगळा वाद बाजूला ठेवून हा हिशेब केला, तरी चित्र बरेच स्पष्ट होते. ‘लुगोल्स आयोडीन’ हे द्रावण फ्रेंच डॉक्टर लुगोल यांनी १८२९ मध्ये तयार केले. ५ टक्क्यांच्या द्रावणात दर १०० मिलिलिटरला ५ ग्रॅम आयोडीन आणि १० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड असते. आयोडाइडमधील आयोडीन धरून एकूण साधारण १२.६ ग्रॅम होते. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १२६ मिलिग्रॅम. एका मिलिलिटरचे २० थेंब धरले, तर एका थेंबात सुमारे ६.३ मिलिग्रॅम.

प्रौढ महिलेची दिवसाची गरज आहे १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१५ मिलिग्रॅम. गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी २५० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक थेंब जवळपास ४२ दिवसांचे आयोडीन एका घोटात देतो. दोन थेंब घेतले तर ८४ दिवसांचे.

हाच हिशेब मिठात करून पाहा. कायद्यानुसार ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम, म्हणजे एका ग्रॅममध्ये १५ मायक्रोग्रॅम आयोडीन हवे. त्या मापाने एका थेंबातले आयोडीन मिळवायला ४२० ग्रॅम मीठ खावे लागेल. बाटली २ टक्क्यांची असेल, तर थेंबातले प्रमाण अडीच मिलिग्रॅमच्या आसपास येते. तेही गरजेच्या सोळा-सतरा पट. अमेरिकेत प्रौढांसाठी सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला १,१०० मायक्रोग्रॅम मानली जाते, तर युरोपात ६००. दोन्ही मर्यादा पहिल्याच थेंबात ओलांडल्या जातात.

त्यात ड्रॉपरचे भोक लहान-मोठे, थेंब टाकणारा हात कधी घाईत. शिवाय याच नावाचे द्रावण प्रयोगशाळेत नमुने रंगवण्यासाठीही विकले जाते आणि ते पिण्यासाठी बनवलेले नसते. जखमेवर लावायचे टिंक्चर किंवा पोव्हिडोन आयोडीन तर कुणीही पोटात घेऊ नये.

खानदेशात आयोडीनची कमतरता आहे का?

प्रश्न रास्त आहे. समुद्रापासून दूरच्या भागात माती-पाण्यातले आयोडीन कमी असू शकते आणि रोजच्या जेवणात समुद्री मासळी क्वचितच असते. गलगंडाचा प्रश्न फक्त हिमालयाच्या पायथ्यापुरता नाही, तो महाराष्ट्राच्या काही भागांतही आहे, हे नंतरच्या पाहण्यांत दिसले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९८० च्या दशकात सगळ्या खाण्याच्या मिठात आयोडीन मिसळण्याचे धोरण ठरले. आयोडीनविरहित खाद्य मिठाच्या विक्रीवर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, २००० मध्ये ती उठली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू झाली.

परिणाम दिसतो आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय आयोडीन सर्वेक्षणात ७६.३ टक्के घरांतल्या मिठात पुरेसे आयोडीन आढळले. प्रजननक्षम वयातील महिलांच्या लघवीतील आयोडीनची मध्यम पातळी लिटरला सुमारे १७३ मायक्रोग्रॅम होती. १०० ते १९९ ही पातळी पुरेशी मानली जाते. म्हणजे पाकिटातले आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या घरातील महिलेला आयोडीन कमी असण्याची शक्यता फार नाही.

अपवाद आहेत. वर्षभराचे लोणचे-पापड सुटे खडे मीठ घालून करणे वेगळे आणि रोजच्या भाजी-आमटीत तेच वापरणे वेगळे. ‘नैसर्गिक’ म्हणून पूर्णपणे सैंधवावर गेलेल्या घरांतही आयोडीन कमी पडू शकते, कारण सैंधवात ते नगण्य असते. यावरचा उपाय आयोडीनयुक्त मिठाचे पाकीट आहे, थेंबांची बाटली नाही. मीठ जास्त खाणे हाही उपाय नाही.

मनगटावर आयोडीनचा ठिपका लावून तो किती तासांत नाहीसा होतो यावरून कमतरता ओळखण्याची ‘घरगुती चाचणी’ही सांगितली जाते. तिला निदानाचे मूल्य नाही. ठिपका पुसट होतो तो मुख्यतः आयोडीन हवेत उडाल्यामुळे आणि रंगहीन आयोडाइडमध्ये बदलल्यामुळे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना ही चाचणी जळगावात केली, तर प्रत्येकीलाच ‘तीव्र कमतरता’ निघेल.

जास्त आयोडीनने काय बिघडते?

थायरॉइड. आयोडीनचा अचानक मोठा साठा आला की ही ग्रंथी काही काळ संप्रेरक बनवणे थांबवते. बहुतेकांत काही दिवसांनी ती पूर्ववत होते. ज्यांच्या थायरॉइडमध्ये आधीच स्वप्रतिकारशक्तीचा दोष दडलेला आहे, त्यांच्यात मात्र ती मंदच राहू शकते. जुनी गाठ असलेल्या काहींमध्ये उलट होते : थायरॉइड अतिवेगाने चालू लागते, छाती धडधडते, वजन उतरते.

भारतातील आठ शहरांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइड मंद असल्याचे आढळले होते आणि त्यात महिला अधिक होत्या. थायरॉइडचे स्वप्रतिकार आजार एंडोमेट्रिओसिस असलेल्या महिलांत अधिक दिसतात, असे काही अभ्यास सांगतात. म्हणजे ज्यांना थेंब घ्यायला सांगितले जाते, त्यांच्यातच धोका जास्त असण्याची शक्यता आहे. थायरॉइड मंदावली की पाळीत रक्तस्राव वाढू शकतो आणि गर्भधारणा अवघड होते. ज्या तक्रारींसाठी बाटली आणली, त्याच वाढण्याची ही तयारी झाली.

मग आयोडीनयुक्त तेलाने गर्भधारणा होते, ते काय?

या विषयात एक खरी, गंभीरपणे अभ्यासलेली गोष्ट आहे आणि समाजमाध्यमांवर नेमकी तिचीच सरमिसळ होते. वंध्यत्वाच्या तपासणीत गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात. यालाच एचएसजी म्हणतात. त्यासाठी खसखशीच्या तेलात आयोडीन जोडून बनवलेले ‘लिपिओडॉल’ वापरले, तर पुढच्या महिन्यांत गर्भधारणेचे प्रमाण वाढते, असे दिसले आहे. न्यूझीलंडमधील २००४ च्या चाचणीत एंडोमेट्रिओसिस असलेल्या, पण नलिका मोकळ्या असलेल्या ६२ महिला होत्या. तेल सोडलेल्या २५ पैकी १२ जणींना सहा महिन्यांत गर्भधारणा झाली, काहीच न केलेल्या ३७ पैकी चौघींना. नेदरलँड्समधील १,११९ महिलांच्या २०१७ च्या मोठ्या चाचणीतही तेलाची सरशी झाली : ३९.७ टक्के विरुद्ध २९.१. मात्र एंडोमेट्रिओसिस असल्याचे आधीच माहीत असलेल्या महिला त्या चाचणीत घेतलेल्या नव्हत्या.

ही प्रक्रिया डॉक्टर करतात, थेट गर्भाशयात करतात आणि तिचा लाभ गर्भधारणेपुरता दिसला आहे. पाळीची वेदना थांबते किंवा गाठ विरघळते असा तिचा दावा नाही. तोंडाने आयोडीन घेण्याशी तर तिचा काही संबंध नाही. उलट या तेलातले आयोडीन शरीरात रेंगाळल्याने न्यूझीलंडमधील पुढच्या एका अभ्यासात एकतृतीयांशाहून अधिक महिलांची थायरॉइड सौम्य प्रमाणात मंदावलेली आढळली. म्हणून प्रक्रियेनंतर टीएसएच तपासण्याचा सल्ला दिला जातो.

थेंबांपर्यंत वेळ का येते?

कारण निदानच उशिरा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पहिल्या लक्षणांपासून निदानापर्यंत सरासरी ४ ते १२ वर्षे जातात. ‘पोट दुखस’ म्हणणाऱ्या मुलीला घरात पहिले उत्तर मिळते ते ‘सगळ्यांनाच दुखते’ हे. मग ‘लग्न झाले की थांबेल’, नंतर ‘मूल झाले की थांबेल’. आणि मुले झाल्यावर थेट ‘पिशवी काढून टाका’. पिशवी काढण्याचा सल्ला किती सहज दिला जातो, याचे टोकाचे चित्र राज्याने बीडमध्ये पाहिले आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत, ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्यांची कारणे निरनिराळी होती. पण एंडोमेट्रिओसिसपुरते बोलायचे, तर गर्भाशय काढल्यानेही सुटकेची हमी नाही, कारण आजार मुळात गर्भाशयाबाहेर असतो.

या दोन टोकांच्या मध्ये बरेच काही आहे. निदानासाठी प्रत्येकीला दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावीच लागते असे आता मानले जात नाही. लक्षणे, तपासणी, योनीमार्गे केलेली सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे एमआरआय यांवरून उपचार सुरू करता येतात. वेदनाशामके, डायनोजेस्ट, गर्भनिरोधक गोळ्या, संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधने हे पहिल्या टप्प्याचे उपाय आहेत. त्यांचेही दुष्परिणाम असतात आणि मूल हवे असेल तेव्हा या संप्रेरक गोळ्या चालत नाहीत, ही अडचण खरी आहे. आतडे किंवा मूत्रवाहिनी गुंतलेली असेल, तर शस्त्रक्रिया अशा कामाचा सराव असलेल्या सर्जनकडूनच व्हायला हवी. सुरुवात मात्र जवळच करता येते. धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत.

पाळीतल्या दुखण्याने शाळा, कॉलेज किंवा काम बुडणे, शरीरसंबंधावेळी किंवा पाळीत शौचाला जाताना तीव्र वेदना, वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न होणे, यांपैकी काहीही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ‘एंडोमेट्रिओसिस असू शकतो का?’ असे थेट विचारावे.

थेंब आधीच सुरू केले असतील तर?

घाबरण्याची गरज नाही, पण लपवूही नये. थेंब बंद करून डॉक्टरांना बाटली दाखवावी, किती टक्क्यांचे द्रावण किती दिवस घेतले ते सांगावे आणि टीएसएच तपासून घ्यावे. पहिला अहवाल चांगला आला, तरी काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी लागू शकते. थायरॉइडची गोळी सुरू असलेल्यांनी तिचा डोस स्वतःहून बदलू नये. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर थांबू नये. आयोडीन वारेतून आणि दुधातून बाळापर्यंत पोहोचते आणि अशा वेळी नवजात बाळाचेही टीएसएच तपासावे लागते.