जर्मनीत कार्ड चालतं का? खिशात युरो ठेवल्याशिवाय का फिरू नये, समजून घ्या

समजा, तुम्ही पहिल्यांदाच बर्लिनला गेलात. विमानतळावरून शहरात येण्याचं तिकीट कार्डवर काढलं, हॉटेलचे पैसेही कार्डवरच भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरलात, कॉफी आणि दोन ब्रेड घेतले आणि कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्या बाईंनी मान हलवली आणि काचेवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर लिहिलेलं, 'नूर बारत्सालुंग'. म्हणजे, फक्त रोख.

मागे रांग, हातात कॉफी आणि खिशात एक युरोही नाही. डोक्यात एकच विचार, आपल्याकडे वडापावच्या गाडीवरसुद्धा क्यूआर कोड असतो आणि मर्सिडीज बनवणाऱ्या देशात कार्ड चालत नाही?

जर्मनीत शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आज सर्वाधिक भारतीय आहेत. नोकरीसाठी आणि फिरायला जाणारे वेगळेच. त्यामुळे हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत विचारला जातो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये नेमकं काय चालतं आणि तिथली माणसं रोख का सोडत नाहीत, ते पाहू.

आकडे काय सांगतात?

जर्मनीची मध्यवर्ती बँक, म्हणजे बुंडेसबँक, लोक पैसे कसे देतात याची ठरावीक काळाने पाहणी करते. २०१७ मध्ये १०० पैकी ७४ व्यवहार रोखीने झाले होते. २०२१ मध्ये हा आकडा ५८ वर आला आणि २०२३ मध्ये ५१ वर. रोख कमी होतेय, पण २०२३ मध्येही निम्मे व्यवहार नोटा आणि नाण्यांनीच झाले.

यातली खरी मेख पुढे आहे. व्यवहारांची संख्या न मोजता रक्कम मोजली, तर २०२३ मध्ये रोखीचा वाटा साधारण २६ टक्केच होता. म्हणजे फ्रिज, विमानाचं तिकीट, हॉटेल असे मोठे खर्च कार्डवर किंवा ऑनलाइन होतात. ब्रेड, कॉफी, आठवडी बाजारातली भाजी असे छोटे खर्च रोखीत होतात. पर्यटक नेमका या छोट्या खर्चांच्या ठिकाणीच अडकतो.

पाटीवर 'कार्ड चालेल' लिहिलंय, तरी कार्ड नाकारलं?

असंही होतं, आणि त्याचं कारण आहे गिरोकार्ड. ही जर्मनीची स्वतःची डेबिट कार्ड यंत्रणा आहे. जुनी माणसं त्याला अजूनही 'ईसी कार्ड' म्हणतात. जर्मन बँकेत खातं असलं की हे कार्ड मिळतं. व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या तुलनेत गिरोकार्डवर दुकानदाराला कमी शुल्क द्यावं लागतं, त्यामुळे काही छोटे दुकानदार फक्त तेच घेतात. त्यांच्या लेखी 'कार्ड' म्हणजे गिरोकार्ड. तुमच्या भारतीय बँकेचं कार्ड त्यात बसत नाही.

चित्र आता बदलतंय. जुलै २०२३ पासून मास्टरकार्डने युरोपात नवी माएस्ट्रो कार्डं देणं थांबवलं. गिरोकार्ड परदेशात चालावं म्हणून अनेक बँका त्याला माएस्ट्रोची जोड द्यायच्या. ती सोय गेल्यावर काही बँका ग्राहकांना व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट कार्ड देऊ लागल्या, आणि मग दुकानदारांनाही ती कार्डं घेणं भाग पडू लागलं. मोठी सुपरमार्केट, साखळी दुकानं, रेल्वे स्टेशनं आणि हॉटेलं इथे आज सहसा अडचण येत नाही. यूपीआयच्या भरवशावर मात्र जाऊ नका. कोपऱ्यावरच्या जर्मन दुकानात ते चालत नाही.

पण जर्मन लोकांचा रोखीवर एवढा जीव का?

इतिहासाकडे बोट दाखवलं जातं. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ मध्ये पुन्हा चलन बदललं आणि लोकांची बचत आटली. पण या उत्तरात एक गोची आहे. दोन्ही वेळा नोटांचीच किंमत गेली होती. मग त्यातून नोटांवरचं प्रेम कसं वाढेल?

जास्त पटणारं कारण पाळतीचं आहे. आधी नाझी राजवट आणि नंतर पूर्व जर्मनीतली श्टाझी ही गुप्तहेर यंत्रणा. सरकार आपल्या आयुष्याची फाइल तयार करतं म्हणजे काय, हे या देशाने दोनदा अनुभवलं. नोटेवर कुणाचं नाव नसतं. कुठल्या दुकानात गेलात, कुठलं औषध घेतलंत, कुणाला देणगी दिलीत, याची नोंद रोखीत राहत नाही.

दुसरं कारण हिशेबाचं. पाकीट उघडलं की किती उरले ते दिसतं. उधारीचा तिटकाराही आहे. जर्मन भाषेत 'शुल्ड' या एकाच शब्दाचे अर्थ कर्ज आणि अपराध असे दोन्ही होतात.

याची दुसरी बाजूही आहे. रोखीत झालेली विक्री करखात्यापासून लपवणं सोपं असतं. म्हणूनच जर्मनीत जानेवारी २०२० पासून इलेक्ट्रॉनिक गल्ला असलेल्या दुकानदाराला प्रत्येक विक्रीची पावती देणं बंधनकारक झालं. 'फक्त रोख' या पाटीमागे दरवेळी स्वातंत्र्याची तळमळ असतेच असं नाही, असं अनेक जर्मनही म्हणतात.

आणि मे २०२२ मध्ये रोखीच्या बाजूने बोलणाऱ्यांना आयताच पुरावा मिळाला. खूप वापरात असलेलं कार्ड मशीनचं एक मॉडेल सॉफ्टवेअरच्या बिघाडामुळे देशभर बंद पडलं. कित्येक दुकानांत काही दिवस फक्त रोख चालली.

ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडचं काय?

भाषा एक असली तरी तिन्ही देशांची सवय एकसारखी नाही.

ऑस्ट्रियात रोख हा थेट राजकारणाचा विषय आहे. रोखीने पैसे देण्यावर मर्यादा नको, या मागणीच्या याचिकेवर २०२२ मध्ये ५ लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. देशाची लोकसंख्या आहे सुमारे ९० लाख. पुढच्याच वर्षी तेव्हाचे चान्सलर कार्ल नेहामर यांनी रोखीचा हक्क राज्यघटनेत लिहावा अशी मागणी केली. पर्यटकासाठी व्हिएन्नात कार्ड बऱ्यापैकी चालतं, पण आल्प्समध्ये ट्रेकला जाणार असाल तर रोख हवीच. डोंगरातल्या झोपडीवजा खानावळीत मोबाइलला रेंज मिळेल याची खात्री नसते.

स्वित्झर्लंडमध्ये पहिली गोष्ट लक्षात ठेवायची, इथलं चलन युरो नाही, फ्रँक आहे. पर्यटनस्थळी काही दुकानदार युरो घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये देतात आणि दर त्यांचा असतो. स्विस नॅशनल बँकेच्या पाहणीत २०१७ मध्ये दुकानातले ७० टक्के व्यवहार रोखीने झाले होते. २०२२ मध्ये ते ३६ टक्क्यांवर आले. ट्विंट हे मोबाइल ॲप तिथे आपल्या यूपीआयसारखं घरोघरी पोहोचलंय, पण ते वापरण्यासाठी स्विस खातं लागतं. पर्यटकाने कार्डच वापरावं. गंमत म्हणजे याच देशात १,००० फ्रँकची नोट आजही चालते. २०२३ मध्ये रोख टिकवण्यासाठी लाखाहून जास्त सह्यांचा प्रस्ताव तिथे दाखल झाला, आणि सरकारनेही रोखीची हमी राज्यघटनेत आणणारा पर्यायी मसुदा मांडला.

मग सध्या वाद कशाचा आहे?

आता दोन्ही बाजूंनी दारं बंद होऊ लागली आहेत. एकीकडे कार्ड न घेणारी बेकरी आहे. दुसरीकडे बर्लिनच्या बसमध्ये २०२४ पासून ड्रायव्हर रोख पैसे घेत नाही. दुकानदाराने आधीच स्पष्ट पाटी लावली असेल, तर जर्मनीत तो रोखही नाकारू शकतो. याची झळ स्मार्टफोन न वापरणाऱ्या आजी-आजोबांना, लहान मुलांना आणि बँकेत खातं नसलेल्या माणसाला बसते.

२०२५ मध्ये सत्तेवर आलेल्या जर्मन आघाडीने आपल्या करारात यावर मधला मार्ग सुचवला. दुकानांनी रोख आणि किमान एक डिजिटल पर्याय असे दोन्ही टप्प्याटप्प्याने द्यावेत, असं त्यात म्हटलंय. युरोपियन मध्यवर्ती बँक डिजिटल युरोची तयारी करतेय आणि त्यासाठी २०२९ चं लक्ष्य ठेवलंय. युरोपातले कार्डाचे बरेचसे व्यवहार व्हिसा आणि मास्टरकार्ड या अमेरिकी कंपन्यांमधून जातात, ही त्यामागची एक मोठी चिंता आहे.

जाण्याआधी काय करायचं?

कार्ड सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमानुसार नवं कार्ड सुरुवातीला फक्त देशातच चालतं. परदेशातला वापर बँकेच्या ॲपमध्ये स्वतः सुरू करावा लागतो. पिन पाठ ठेवा. शक्यतो एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड अशी दोन कार्डं न्या आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

शुल्क तपासा. अनेक भारतीय कार्डांवर परदेशातल्या खर्चावर २ ते ३.५ टक्के मार्कअप लागतो आणि त्या शुल्कावर जीएसटी. साडेतीन टक्के धरले तर १ लाखाच्या खर्चावर ३,५०० रुपये आणि वर ६३० रुपये जीएसटी, म्हणजे ४,१३० रुपये जातात. फॉरेक्स कार्ड किंवा मार्कअप नसलेलं कार्ड मिळतं का, ते आधी बघा.

मशीनने 'रुपये की युरो?' विचारलं तर युरो निवडा. स्वित्झर्लंडमध्ये असाल तर फ्रँक. रुपये निवडले की दर मशीनवाला ठरवतो, आणि तो बहुतेक वेळा महाग पडतो.

एटीएम बँकेचंच शोधा. पर्यटकांच्या गर्दीत उभी असलेली सुटी मशीन जास्त शुल्क लावू शकतात. थोडे थोडे पैसे चारदा काढण्यापेक्षा एकदाच काढा.

छोट्या नोटा आणि नाणी जवळ ठेवा. शंभरेक युरो, तेही ५, १० आणि २० च्या नोटांत. ५०० युरोची नोट २०१९ पासून नव्याने दिली जात नाही आणि छोटे दुकानदार ती बघून तोंड वाकडं करतात. महामार्गावरचं स्वच्छतागृह, सुपरमार्केटची ट्रॉली, सामानाचं लॉकर अशा ठिकाणी नाणं हाताशी असलं की काम अडत नाही. भारतातून निघताना एका प्रवासासाठी साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंतचं परकीय चलन रोख घेता येतं. युरोपियन युनियनमध्ये शिरताना १०,००० युरो किंवा जास्त रोख असेल, तर ती जाहीर करावी लागते.

टिप आधी सांगा. जर्मन रेस्टॉरंटमध्ये कार्ड मशीनवर रक्कम टाकण्याआधीच टिप धरून एकूण आकडा वेटरला सांगायची पद्धत आहे. बिल १८ चं असेल तर '२०' म्हणायचं.

थोडक्यात

मोठे खर्च कार्डवर, छोटे खर्च रोखीने आणि रुपयांचा पर्याय कधीच नाही, एवढं पाळलं तरी प्रवास सुरळीत होतो.

त्या बेकरीतल्या पाटीला मागासलेपण म्हणण्याआधी एक गोष्ट आठवून बघा. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली तेव्हा एटीएमबाहेरच्या रांगेत आपण किंवा आपल्या घरातलं कुणीतरी उभं होतं. पैसे देण्याचा एकच मार्ग उरला आणि तोही अचानक बंद झाला तर काय होतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे. जर्मनीत आज त्याचीच चर्चा सुरू आहे.