फांग न्गा : समुद्रातल्या खोल्या आणि खांबांवरचं गाव

फुकेतमध्ये कुठल्याही हॉटेलच्या काउंटरवर सहलींच्या रंगीत पत्रकांचा गठ्ठा असतो आणि त्यातल्या निम्म्यांवर एकच फोटो असतो. हिरव्या पाण्यात कुणीतरी ठोकून ठेवलेल्या खिळ्यासारखा एक सुळका. हा 'को तापू'. थाई भाषेत 'को' म्हणजे बेट आणि 'तापू' म्हणजे खिळाच. उंची साधारण २० मीटर, आणि गंमत म्हणजे वर जाड, खाली बारीक. १९७४ मध्ये 'द मॅन विथ द गोल्डन गन' या बाँडपटात तो दिसला आणि तेव्हापासून समोरच्या 'खाओ फिंग कान' बेटाला सगळे 'जेम्स बाँड आयलंड' म्हणू लागले.

कुटुंबासोबत फुकेतला गेलात तर हा फोटो तुम्ही काढालच. काढावाही. पण तेवढ्यासाठी अख्खा दिवस आणि प्रत्येकी हजारो रुपये घालवू नका. त्याच पत्रकावर खाली बारीक अक्षरांत 'सी कनू, केव्ह्ज, पान्यी व्हिलेज' असं लिहिलेलं असतं. पैसे त्या ओळीसाठी द्या.

फांग न्गा हा फुकेतच्या ईशान्येला पसरलेला उथळ उपसागर आहे. १९८१ पासून त्याचा मोठा भाग राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे ४०० चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात चाळीसहून अधिक बेटं, आणि त्यातली बरीचशी म्हणजे पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे कडे. आपल्याकडे कोकणच्या किनाऱ्यावर असे कडे का नाहीत, असा प्रश्न मला बोटीत बसल्या बसल्या पडला होता. उत्तर दगडातच आहे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा. तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून अजिंठा, वेरूळ, घारापुरी इथल्या लेण्यांसाठी माणसांना छिन्नी-हातोडा घ्यावा लागला. चुनखडीला मात्र पाऊसच पुरतो. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं, अगदी फिक्या सोड्यासारखं, आणि फटीफटीतून झिरपत दगड खात जातं. फांग न्गाची चुनखडी २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची आहे. इतका वेळ मिळाला तर पाणीही लेणी खोदतं!

यातूनच इथली सगळ्यात नवलाची गोष्ट तयार झाली आहे. तिला थाई भाषेत 'हाँग' म्हणतात. हाँग म्हणजे खोली. बेटाच्या पोटात पाण्याने गुहा कोरली, ती मोठी होत गेली, एके दिवशी तिचं छत कोसळलं आणि आत आभाळ उघडं झालं. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि हा उपसागर म्हणजे कोरडी जमीन होती. पुढे बर्फ वितळला, पाणी चढलं आणि या खोल्यांत समुद्र शिरला. बाहेरून बघितलं तर नुसता कडा दिसतो. आतल्या खोलीत जायचं तर एका बोगद्यातून, तेही पाण्याची पातळी योग्य असेल तेव्हाच.

इथे कोकणातल्या वाचकांना जास्त समजावावं लागणार नाही. भरती जास्त असेल तर बोगदा पाण्याने भरतो आणि होडीला डोकं वर काढायला जागा राहत नाही. ओहोटी जास्त असेल तर तळाचा चिखल आणि दगड उघडे पडतात. मधला तास-दीड तास आपला. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला इथे पाण्यात अडीच-तीन मीटरचा फरक पडतो, अष्टमीच्या भांगाला कमी. म्हणून सहल ठरवताना एजंटला एकच प्रश्न विचारा : "अमुक तारखेला गुहेत किती वाजता जाणार?" वर्षभर रोज तीच वेळ सांगणारा असेल तर समजून घ्या, तो तुम्हाला फक्त कायम उघड्या असणाऱ्या गुहांच्या तोंडाशी फिरवून आणणार आहे. तारीख ऐकून भरतीचा तक्ता उघडणारा माणूस मिळाला, तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

या सहली १९८९ मध्ये सुरू झाल्या. जॉन ग्रे या अमेरिकन माणसाने हवा भरलेल्या रबरी कनू घेऊन या हाँगमध्ये पर्यटकांना न्यायला सुरुवात केली. आज अनेक कंपन्या तेच करतात. मोठ्या बोटीने बेटाजवळ जायचं, तिथे कनूत उतरायचं. पुढे दोन प्रवासी, मागे वल्हं घेतलेला गाईड. वल्हवण्याचं काम त्याचं, आपलं काम सांगितल्यावर आडवं व्हायचं.

आणि हे आडवं होणं काही जणांसाठी सोपं नसतं. माझ्या आईला लिफ्टमध्येही चारच्या वर माणसं असली की घाम फुटतो. वय ५८, गुडघे कुरकुरणारे, पोहता येत नाही. को पनाक बेटाच्या गुहेसमोर तिने तो काळा बोगदा बघितला आणि लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट धरून मला म्हणाली, "तू जा गं. मी इथे बसते." आमच्या गाईडने अजिबात आग्रह केला नाही. तिला बोटीवर ठेवून तो मला घेऊन गेला.

आत गेल्यावर टॉर्चच्या उजेडात कॅल्साइटचा एक पांढरा ढीग चमकतो. आइस्क्रीम सांडून गोठावं तसा. छतावर वटवाघळं टांगलेली. पुढे छत इतकं खाली येतं की पाठ टेकून झोपावं लागतं, नाकापासून वीतभर अंतरावर दगड आणि त्याला चिकटलेली कालवं. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. म्हणूनच गाईड "हात आत!" असं सारखं ओरडतो. काही ठिकाणी तर कनूमधली थोडी हवा सोडून ती खाली बसवतात. पाच मिनिटं. मग एकदम हिरवा उजेड.

खोली. चारी बाजूंना उंच भिंती, त्यावर वेली, खाली गुडघाभर पाण्यात कांदळवन. चिखलावर उड्या मारणारे निवट्या मासे मी आधी अलिबागच्या खाडीत पाहिले होते, त्यामुळे ते दिसल्यावर ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. बाकी शांतता. निदान आमच्या मागची दुसरी कनू येईपर्यंत तरी.

मी परत आले तेव्हा आई गाईडच्या सहकाऱ्याला खुणांनी काहीतरी विचारत होती. तिला कळलं होतं की पुढच्या को हाँग बेटावरच्या काही कमानी उघड्या आहेत, आत उजेड असतो आणि आडवं व्हावं लागत नाही. त्या कनूत ती बसली. पहिल्या कमानीखाली डोळे मिटले, दुसऱ्या कमानीखाली नाही. घरातल्या कुणाला बंद जागेची भीती असेल तर हा मार्ग लक्षात ठेवा : बंद गुहा आणि उघडी कमान असे दोन्ही पर्याय असलेली सहल घ्या, आणि 'नको' म्हणणाऱ्याला बोटीवर सावलीत बसता येईल ना, हे आधी विचारा. "इतके पैसे भरलेत तर ये ना" हे वाक्य अशा ठिकाणी कुणीही कुणाला म्हणू नये.

गुहेत हात लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावू नका. लवणस्तंभ वर्षाला मिलिमीटरच्या अंशाअंशाने वाढतात आणि आपल्या बोटांच्या तेलकटपणाने त्यांची वाढ तिथे थांबू शकते. इथल्या गुहांत पाकोळ्याही घरटी करतात. त्यांच्या लाळेपासून बनलेल्या घरट्यांचं सूप चिनी जेवणात फार महाग विकलं जातं, आणि ती काढण्याचे हक्क सरकार ठेक्याने देतं. एखाद्या कपारीत बांबूची परात किंवा दोर दिसले तर ते कुणाचं तरी पोट आहे.

दुपारचं जेवण बहुतेक सहली 'को पान्यी'मध्ये देतात. प्रचंड कड्याच्या पायाशी, समुद्रावर खांब रोवून उभं राहिलेलं हे गाव. सुमारे १,७०० माणसं, मशीद, शाळा, दुकानं, सगळं फळ्यांवर आणि काँक्रीटच्या खांबांवर. अठराव्या शतकाच्या अखेरीस जावाहून आलेल्या मुस्लिम कोळ्यांनी ते वसवलं. त्या काळी जमिनीची मालकी फक्त थाई वंशाच्या लोकांना मिळे, मग या लोकांनी पाण्यावरच घर केलं. आज त्यांचे वंशज थाई नागरिक आहेत, गाव मात्र तिथेच आहे.

खेळायला मैदान नसलेल्या या गावाची फुटबॉलची गोष्ट तुम्ही कदाचित व्हिडिओत पाहिली असेल. १९८६ चा विश्वचषक टीव्हीवर पाहून इथल्या पोरांनी जुन्या लाकडांचे तुकडे आणि मासेमारीचे तराफे जोडून तरंगतं मैदान बनवलं. चेंडू सारखा पाण्यात जायचा, फळ्यांतून खिळे वर यायचे. मुख्य भूमीवरच्या एका स्पर्धेत ही पोरं उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली. त्यानंतर गावाने त्यांना नीट मैदान बांधून दिलं, आणि पुढे पान्यीचा संघ दक्षिण थायलंडमधल्या चांगल्या युवा संघांत गणला जाऊ लागला. मैदान आजही आहे. संध्याकाळी तिथे खरी मजा असते, पण तोवर सहलीच्या बोटी परत गेलेल्या असतात.

इथेच माझी थोडी तक्रार आहे. बहुतेक गटांना पान्यीत तासभर मिळतो. त्यातली चाळीस मिनिटं समुद्राकडे तोंड केलेल्या मोठमोठ्या हॉटेलांत जातात, उरलेल्या वीस मिनिटांत शंख-शिंपल्यांच्या माळा. मागच्या गल्लीत कुणी पोहोचतच नाही. आम्ही जेवण पंधरा मिनिटांत उरकलं आणि आत शिरलो. एका दारासमोर चाळणीवर सोललेली कोळंबी वाळत होती. आई थबकली. "अगं, हे तर सोडे!" तिचं माहेर अलिबागकडचं. त्या घरातल्या बाईंना मराठी येत नव्हतं, आईला थाई येत नव्हतं, इंग्रजी दोघींनाही बेताचंच. तरी दहा मिनिटं संभाषण चाललं. किती उन्हं लागतात हे आईने बोटांनी विचारलं, त्यांनी बोटांनीच सांगितलं. मग त्यांनी एक डबी उघडून कोळंबी आंबवून केलेलं करडं वाटण हुंगायला दिलं. याला इथे 'कापी' म्हणतात, बऱ्याच थाई रश्श्यांचा तो पाया आहे. आईने नाक मुरडलं नाही, उलट पाव किलो सोडे आणि एक डबी कापी विकत घेतली. मोलभाव केला, तोही बोटांनी. मी गल्लीभर सामान उचलत मागे होते.

गावात फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, ओले कपडे बदलून जावं. उघड्या दारातून घरात कॅमेरा रोखू नये. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते, तेव्हा मशिदीच्या गल्लीत गर्दी करू नये. इथे डुक्कर आणि दारू मिळत नाही, मासे भरपूर मिळतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा आणि 'जे' हा शब्द लक्षात ठेवा. थाई भाषेत 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची आणि जैन कुटुंबांचीही बरीच सोय होते. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर भाजीत फिश सॉस येऊ शकतो.

आता थोडं कामाचं. नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, पण फुकेत बेटाच्या आडोशामुळे हा उपसागर पश्चिमेच्या उघड्या समुद्रापेक्षा शांत राहतो आणि सहली चालू असतात. तरीही वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी पैसे बुडाले तरी चालतील, बोटीत बसू नका. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळच्या उघड्या समुद्रात पर्यटकांची एक बोट वादळात बुडाली आणि ४७ जणांचा जीव गेला. आजी-आजोबा किंवा पाठीचं दुखणं असलेलं कुणी सोबत असेल तर स्पीडबोट टाळून मोठी संथ बोट घ्या. स्पीडबोटीचे धक्के थेट मणक्याला बसतात. गरोदर स्त्रियांनी तर तिचा विचारच करू नये. लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हे धक्क्यावरच बघून घ्या, समुद्रात गेल्यावर नव्हे. पाणी हिरवं आणि गढूळ असतं, त्यामुळे स्नॉर्कलिंगची अपेक्षा ठेवू नका. पायात पट्ट्याच्या सॅंडल, फोनला वॉटरप्रूफ पिशवी, आणि कनू वल्हवणाऱ्यासाठी थोडे सुटे बाट. दिवसभराचं खरं कष्टाचं काम तोच करतो.

मुंबईहून फुकेतला थेट विमानं आहेत. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळ बघा. मे २०२५ पासून थायलंडला पोहोचण्याआधी डिजिटल आगमन कार्डही ऑनलाइन भरावं लागतं, ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा.

काही कंपन्या दुपारी निघून रात्री परतणारी सहलही करतात. तिच्यात गाईड केळीच्या खोडाच्या चकतीवर पानं-फुलं खोवून 'क्राथोंग' करायला शिकवतात आणि अंधार पडल्यावर त्यात मेणबत्ती लावून गुहेच्या पाण्यात सोडतात. चांगला गाईड थोड्या वेळाने तो परत उचलून घेतो, समुद्रात टाकून देत नाही. थायलंडभर हा सण 'लॉय क्राथोंग' साजरा होतो बहुधा आपल्या कार्तिक पौर्णिमेलाच, म्हणजे इथे घाटांवर त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे सोडले जातात त्याच रात्री. पौर्णिमा म्हणजे उधाणही. तेव्हा त्या तारखेचं बुकिंग करताना भरतीचा तक्ता दोनदा बघा.